गळ्यातले जनावर

खोकडाच्या हनुवटीखाली एक चाप असायचा. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखाच, पण लहान. चाप दाबला की जबडा उघडायचा आणि सोडला की खोकड आपलीच झुपकेदार शेपूट तोंडात घट्ट धरायचे. कान, पाठ, पंजे, शेपूट, सगळे जागच्या जागी. डोळ्यांच्या खोबणीत काचेचे मणी. पोटाकडच्या बाजूने रेशमी अस्तर, मानेला टोचू नये म्हणून. पहिल्या महायुद्धानंतरची दोन-अडीच दशके युरोप-अमेरिकेतल्या ऐपतदार बायका असे अख्खे खोकड खांद्यावर टाकून चहाला जात, चर्चला जात, घोड्यांच्या शर्यती बघायला जात. ते काचेचे डोळे समोरच्या माणसावर रोखलेले असत आणि कोणाला त्यात वावगे वाटत नसे.

आज हीच वस्तू एखाद्या जुन्या बाजारात समोर आली तर माणूस दचकतो. शेजारी टांगलेल्या फरच्या कोटाकडे बघून तो इतका दचकत नाही. खरे तर कोटात जनावरे कितीतरी जास्त गेलेली असतात. दचकायला होते ते चेहऱ्यामुळे.

थंडीचे कारण इथे फार दूर नेत नाही. कोट अंग झाकतो, टोपी कान झाकते. खांद्यावरच्या या पट्ट्याने झाकले जाते ते जेमतेम मानेचे हाड. म्हणजे ही वस्तू पहिल्यापासून ऊब देण्यापेक्षा काहीतरी सांगण्यासाठी होती. ते सांगताना जनावर किती दाखवायचे आणि किती लपवायचे, याचे उत्तर प्रत्येक काळाने वेगळे दिले. फरच्या पट्ट्याचा इतिहास म्हणजे त्या उत्तरांचाच इतिहास आहे.

इंग्रजीत या पट्ट्याला जो ‘स्टोल’ शब्द आहे तो आपल्याला परका नाही. पुण्यात स्कूटरवर निघालेली मुलगी उन्हाधुळीपासून तोंडाला गुंडाळते तोही स्टोलच. मूळ शब्द ग्रीक-लॅटिन. रोममध्ये ‘स्टोला’ म्हणजे विवाहित, प्रतिष्ठित स्त्रीचा पायघोळ झगा. पुढे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या गळ्यातल्या पट्टीला तो शब्द मिळाला आणि शेवटी खांद्यावरच्या कुठल्याही लांब कापडाला. झग्याचा आकार आटत गेला, पण ‘ही अंगावर असणारी व्यक्ती कोण आहे’ हे सांगण्याचे काम कायम राहिले.

फर म्हणजे नुसते केस नव्हेत. थंड प्रदेशातल्या जनावराच्या कातड्यावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, ताठ, चकचकीत केस पाणी आणि वारा अडवतात; खालची दाट मऊ लव हवा धरून ठेवते आणि ऊब टिकवते. हिवाळ्यात हे दोन्ही थर भरात येतात, म्हणून फरसाठी जनावर मारायचे ते हिवाळ्यात. या कामी सगळ्यांत मानाचे घराणे म्हणजे आपल्या ऊदाचे, म्हणजे पाणमांजराचे कूळ. मार्टेन, सेबल, मिंक, अर्मिन ही सगळी त्याच कुळातली लांबट, चपळ, मांसाहारी जनावरे. अर्मिन उन्हाळ्यात तपकिरी असतो आणि हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो. शेपटीचे टोक तेवढे काळे राहते. युरोपातल्या राजांच्या झग्यांवर पांढऱ्या जमिनीवर काळे ठिपके दिसतात, ती ही शेपटीची टोके.

कोणी कुठली फर वापरायची हे कायद्याने ठरत असे. इंग्लंडमध्ये १३३७ साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की राजघराणे, सरदार, नाइट आणि वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्न असलेले धर्माधिकारी सोडून कोणी फर घालू नये. हा विचार आपल्याला नवखा वाटायचे कारण नाही. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याने पांघरायचे कातडे वर्णानुसार ठरवून दिले आहे: ब्राह्मणाला काळविटाचे, क्षत्रियाला रुरू मृगाचे, वैश्याला बोकडाचे. मुंजीत बटूच्या अंगावर येणारा मृगाजिनाचा छोटा तुकडा ही त्याच पांघरुणाची आठवण. कातडे अंगावर आले की माणसाची पायरी कळावी, ही सोय दोन्हीकडे सारखीच होती.

फर केवळ अस्तरात आणि काठाला न ठेवता ती सुटी, स्वतंत्र वस्तू म्हणून मिरवायची कल्पना पंधराव्या शतकात दिसू लागते. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याच्या १४६७ च्या मालमत्तेच्या यादीत अशा सजवलेल्या कातड्याचा उल्लेख येतो. सोळाव्या शतकात उत्तर इटलीत ही चाल ऐन भरात आली. सेबलचे किंवा मार्टेनचे एक अख्खे कातडे खांद्यावर टाकायचे, हातात धरायचे, नाहीतर सोन्याच्या साखळीने कमरेला लटकवायचे. इटालियन भाषेत सेबलला ‘झिबेल्लिनो’ म्हणतात. तेच या दागिन्याचे नाव झाले.

दागिना म्हणायचे कारण त्याचे डोके. जनावराचे खरे डोके काढून त्या जागी सोनार सोन्याचे डोके बसवी. अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात असे एक व्हेनिसमध्ये घडवलेले डोके आहे, साधारण १५५० नंतरच्या दशकातले. सोन्यावर मीनाकारी, माणिक, गार्नेट, मोती. नाकपुड्या, दात, गालांवरचे उंचवटे इतके हुबेहूब की सोनाराने समोर खरे मार्टेन ठेवले असावे असे वाटते. आणि त्या मुस्कटावर एक छोटेसे पांढरे कबूतर बसवलेले आहे.

हिंस्र जनावराच्या तोंडावर कबूतर कशासाठी? याचे उत्तर एका जुन्या समजुतीत आहे. मार्टेन-विझल जातीची मादी कानातून गर्भ धारण करते आणि तोंडातून पिल्लाला जन्म देते, असे युरोपात शतकानुशतके मानले जाई. ख्रिस्ती चित्रांमध्ये कुमारी मेरीला देवदूताचा संदेश मिळतो तेव्हा पवित्र आत्मा कबुतराच्या रूपाने तिच्याकडे येतो. काही धर्मचिंतक तिची गर्भधारणाही कानावाटेच झाली असे म्हणत. दोन्ही कल्पना जोडल्या गेल्या आणि हे कातडे लग्न झालेल्या, दिवस गेलेल्या किंवा दिवस जावेत असे वाटणाऱ्या स्त्रीचे मंगल लेणे झाले. त्याच संग्रहालयात चित्रकार व्हेरोनेजेने १५५२ च्या सुमारास काढलेले लिव्हिया दा पोर्तो थिएने या सरदारपत्नीचे उभे चित्र आहे. तिच्या फरच्या अस्तराच्या झग्याआडून तिची छोटी मुलगी डोकावते आहे आणि लिव्हियाच्या हातावरून मार्टेनचे कातडे लोंबते आहे. बाळंतपणात बाई दगावणे ही त्या काळी रोजची गोष्ट होती. आपल्याकडे गर्भारशीच्या दंडाला ताईत बांधत, तिकडे सोन्याच्या डोक्याचे मार्टेन.

या सुंदर वस्तूच्या नशिबी पुढे एक ओंगळ नाव आले. १८९४ साली व्हेंडेलिन ब्योहाइम या विद्वानाने तिला जर्मनमध्ये ‘पिसवांची फर’ म्हटले. अंगावरच्या पिसवा या कातड्यात जाऊन बसाव्यात आणि मग ते झटकून टाकता यावे, अशी त्याची उपपत्ती. ती इतकी चटकदार होती की पुस्तकांतून आजही फिरते. पण सोळाव्या शतकातल्या कागदपत्रांत तिला आधार नाही आणि पिसवेच्या स्वभावातही नाही. पिसवेला रक्त हवे असते, जिवंत अंगाची ऊब हवी असते. ती सोडून कमावलेल्या मेलेल्या कातड्यात ती कशाला जाईल?

सोन्याचे डोके घडवणाऱ्यांनी जनावर लपवले नाही. उलट त्याला दैवी केले. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये गोष्ट जमिनीवर आली आणि तीही एका फटकळ जर्मन बाईमुळे. चौदाव्या लुईचा भाऊ फिलीप याच्याशी १६७१ मध्ये हायडेलबर्गच्या राजकन्येचे लग्न झाले. नाव एलिझाबेथ शार्लोट, माहेरचे लाडके नाव लिझेलोटे. पॅलाटिनेट या जर्मन संस्थानाची म्हणून फ्रेंच दरबारात ती ‘पॅलाटिन राजकन्या’. ती शिकारीला जायची, तासन्‌तास पत्रे लिहायची आणि नखरे तिला जमायचे नाहीत. १६७६ च्या कडक थंडीत तिने माहेराहून आणलेले जुने सेबल सरळ गळ्याभोवती गुंडाळले. डिसेंबरात आत्याला लिहिलेल्या पत्रात ती गमतीने सांगते की आता जो तो माझ्यासारखे सेबल शिवून घेतो आहे. पाच वर्षांपूर्वी याच लोकांनी माझ्या सेबलला इतके हसून घेतले होते की ते घालायची मला सोय उरली नव्हती.

त्या पट्ट्याचे नावच ‘पॅलाटिन’ पडले. पुढे १६८८-८९ मध्ये लुईच्या सैन्याने तिच्याच वारसाहक्काचे निमित्त पुढे करून तिचे माहेर, हायडेलबर्गसकट, जाळून बेचिराख केले. संस्थान उद्ध्वस्त झाले, फॅशनमधले त्याचे नाव मात्र टिकले. रशियन भाषेत आजही अशा रुंद स्टोलला ‘पलांतिन’च म्हणतात.

हे सेबल येत कुठून होते? मुख्यतः रशियातून आणि पुढे सायबेरियातून. १५८० च्या दशकात येर्माकच्या कॉसॅक टोळीने उरल पर्वत ओलांडला आणि १६३९ मध्ये रशियन माणसे पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोचली. जेमतेम साठ वर्षांत त्यांनी अर्धे आशिया खंड ओलांडले. एका नदीच्या खोऱ्यातले सेबल संपले की पुढच्या खोऱ्याकडे सरकायचे, असा तो प्रवास होता. वाटेतल्या रानवासी लोकांवर ‘यासाक’ नावाचा कर बसे आणि तो नाण्यांत नव्हे, कातड्यांत भरावा लागे. पॅरिसच्या एका गळ्यामागे एवढे मोठे रान होते.

रानातून धरण्याऐवजी जनावर पिंजऱ्यात वाढवावे, हा विचार यशस्वी झाला तो कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर. लाल खोकडात क्वचित एखादे पिल्लू काळे निपजते; त्याच्या काळ्या केसांची टोके पांढरी असली की अंगावर चांदीची झाक येते. ते चंदेरी खोकड. (मराठीत आपण गोष्टीतल्या ‘फॉक्स’ला सर्रास कोल्हा म्हणतो, पण कोल्हा वेगळा, खोकड वेगळे.) १८९० च्या दशकात या बेटावर चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट औल्टन या दोघांना जाळीच्या कुंपणात चंदेरी खोकडांची पैदास साधली. खोकड बिळे खणून पळते म्हणून जाळी जमिनीत खोल पुरावी लागे. माद्या आवाजाने बिथरल्या तर स्वतःची पिल्ले मारत, म्हणून विणीच्या दिवसांत शांतता पाळावी लागे. हे गुपित त्यांनी मोजक्या शेजाऱ्यांपुरते ठेवले. कातडी विकायची, जिवंत जोडी बाहेर द्यायची नाही, असा करार होता.

१९१० मध्ये लंडनच्या लिलावात २५ कातड्यांना सरासरी १,३०० डॉलरहून जास्त भाव मिळाला आणि गुपित फुटले. मग जिवंत जोड्या विकल्या जाऊ लागल्या, एकेका जोडीला दहा-दहा हजार डॉलर मोजले गेले, अजून न जन्मलेल्या पिल्लांवर सौदे झाले. समरसाइड गावात त्या पैशाने बांधलेले टुमदार वाडे अजून उभे आहेत. १९१४ च्या युद्धाने तो फुगा फुटला, तरी पैदास जगभर पसरली होती. बेटाच्या राजचिन्हावर आज दोन्ही बाजूंना चंदेरी खोकडच उभी आहेत. भाव उतरल्यामुळेच गळ्यात अख्खे खोकड टाकणे सरदारीण नसलेल्या बाईलाही परवडू लागले. तिच्या खोकडाला सोन्याचे डोके नव्हते. त्याला त्याचेच डोके होते. अख्खे जनावर म्हणजे अस्सल माल, तुकडे जोडलेला नव्हे, हे त्या चेहऱ्याने सिद्ध व्हायचे. काही जणी तीन-चार मार्टेन घेत, एकाने दुसऱ्याची शेपूट तोंडात धरलेली, अशी माळच.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेहरा एकदम दिसेनासा झाला. १९५० च्या दशकात ज्या वस्तूने अमेरिकन मध्यमवर्गाला वेड लावले ती मिंकची स्टोल बघितली, तर ती कुठल्या जनावराची आहे हे सांगता येत नाही. ना पंजा, ना शेपूट, नुसता तुकतुकीत, सरळ ओघळणारा पट्टा. मिंक असते हातभर लांबीचे. मग हा सलग पट्टा कुठून आला? यामागे फर शिवणाऱ्या कारागिराची एक करामत आहे. तो कातड्याच्या मागच्या बाजूने तिरके काप देऊन त्याच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या करतो. मग प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीला किंचित खाली सरकवून पुन्हा शिवतो. एका कातड्यात अशा कितीतरी शिवणी येतात. शिवून झाले की कातडे ओले करून फळीवर ताणायचे आणि कडेने खिळे मारून वाळवायचे. आखूड-रुंद कातड्याचे लांब-निमुळते कातडे होते आणि वरून केस फिरवले की एकही शिवण दिसत नाही. जनावराचा मूळ आकार या कामात पूर्ण पुसला जातो. पैदास करणाऱ्यांनी रंगही बदलले. मिंकच्या निळसर, मोतिया, फिकट तपकिरी जाती निघाल्या आणि त्यांना रत्नांची नावे मिळाली.

नावांनी लपवण्याची कला तर बाजारात आधीपासून होती. ‘हडसन सील’ या नावाने विकली जाणारी फर सीलची नसून रंगवलेल्या मस्करॅट नावाच्या पाणउंदराची असे. ससा तर किती नावांनी विकला गेला याला गणती नाही. शेवटी अमेरिकेने १९५१ मध्ये कायदा करून फरच्या चिठ्ठीवर जनावराचे खरे नाव छापणे सक्तीचे केले. पुढच्याच वर्षी मिंक राजकारणात आले. ट्रूमन सरकारच्या काळातल्या कर्जप्रकरणात एक मिंकचा कोट गाजला होता. त्यावर बोट ठेवत उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांनी २३ सप्टेंबर १९५२ च्या दूरचित्रवाणी भाषणात सांगितले की माझ्या बायकोकडे मिंक नाही, साधा कापडी कोट आहे. ऐकणाऱ्या लाखो नवऱ्यांना तो टोला नेमका कळला.

१९६२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपत्नी जॅकलिन केनेडींनी वेषकार ओलेग कॅसिनी याने केलेला बिबट्याचा कोट घातला आणि ठिपक्यांची लाट आली. बिबट्याचे ठिपके म्हणजे त्याचा चेहराच. ते पुसता येत नाहीत. लोकांना मागचे जनावर पुन्हा दिसू लागले, आणि या वेळी ते संपत चाललेले होते. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. कॅसिनी स्वतः पुढे कृत्रिम फरकडे वळला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत प्राणिमित्र संघटनांनी केले ते एवढेच: शिवणीखाली पुसलेला चेहरा छायाचित्रांत परत आणून दाखवला. पिंजऱ्यात येरझारा घालणारे मिंक एकदा बघितले की स्टोल पुन्हा नुसती स्टोल राहत नाही. ब्रिटनच्या संसदेने २००० साली फरसाठी जनावरे पाळण्यावर बंदीचा कायदा केला, गुची या फॅशन कंपनीने २०१७ मध्ये फर सोडल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी भारताने मिंक, खोकड आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली.

सगळ्यांत मोठा धक्का बसला तो डेन्मार्कमध्ये. तोवर मिंक पाळण्यात हा देश जगात आघाडीवर होता. माणसांकडून मिंकला करोना झाला, मिंककडून बदललेला विषाणू माणसांत आला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने देशातली सगळी मिंक मारायचा आदेश दिला. दीड कोटीहून जास्त जनावरे. नंतर उघड झाले की असा आदेश द्यायला कायद्याचा आधारच नव्हता. मंत्र्याला पायउतार व्हावे लागले. घाईघाईने वाळूत उथळ पुरलेली कलेवरे कुजताना फुगली आणि होल्स्टेब्रो गावाजवळ जमिनीतून वर आली. कोणा प्रचारकाला सुचले नसते असे ते दृश्य होते.

आता दुकानात जी ‘फर’ दिसते ती बहुधा अॅक्रिलिकची, म्हणजे खनिज तेलाची. ती कुजत नाही आणि धुताना तिचे बारीक धागे पाण्यात जातात, हा तिचा स्वतंत्र हिशेब आहे. लपवाछपवी मात्र संपलेली नाही, फक्त उलटी झाली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत काही विक्रेत्यांवर कारवाई झाली, कारण ते खरी फर ‘कृत्रिम’ म्हणून विकत होते. सशाला सील म्हणून खपवणाऱ्या बाजारात खऱ्या जनावराला खोटे ठरवण्याची वेळ आली. गिऱ्हाइकाला आता ऐट हवी होती, पण तिच्यामागचे जनावर नको होते.

आणि त्या चंदेरी खोकडांचे पुढे काय झाले? सोव्हिएत रशियाच्या फर-फार्मांवर पोचलेल्या चंदेरी खोकडांचे मूळ प्रिन्स एडवर्ड बेटाकडेच जाते. फरच्या जनावरांचे संशोधन केलेला आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव याने १९५९ मध्ये नोवोसिबिर्स्कजवळ त्यातली काही निवडली. सहकारी ल्युदमिला त्रूत हिच्यासह त्याने प्रत्येक पिढीत एकच कसोटी लावली. पिंजऱ्यात हात घातल्यावर जे सर्वांत कमी बिचकेल, त्याचीच पुढची पैदास. काही पिढ्यांतच माणूस दिसला की नाचणारी, हात चाटणारी पिल्ले निघाली. काहींच्या कपाळावर पांढरा ठिपका आला, जो फरच्या व्यापाऱ्याला मुळीच चालला नसता.

ज्या शेपटीला चाप लावून खोकडाच्याच तोंडात दिले होते, ती आता हलू लागली होती.